तिरकी मान

“हा डाव्या डोळ्यातला डाग जुना आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. चहात साखर कमी आहे म्हणावं इतक्या सहज. त्यांनी यंत्राचा पडदा मास्तरांकडे वळवला, आणि मग स्वतःच्याच काहीतरी लक्षात येऊन तो जावयाकडे फिरवला. मास्तरांना त्या पडद्यावर एक करडा पट्टा दिसला होता, मधोमध जरा उचललेला. पण तो खरोखर उचललेला होता की त्यांच्या उजव्या डोळ्यानेच उचलला होता, हे आता सांगता येत नव्हतं. अलीकडे दारांच्या चौकटी पोट काढून उभ्या राहायच्या आणि टेबलाच्या कडा ओल्या पुठ्ठ्यासारख्या वाकायच्या. नेहमीचे मोठे डॉक्टर रजेवर होते. ते मोजकं बोलणारे. “डावा सोडून द्या, उजवा सांभाळू,” एवढं पहिल्या दिवशी म्हणून ते मोकळे झाले होते, आणि मास्तरांनी त्याचा अर्थ लावला होता की दोन्ही डोळे बरोबरच बिघडले, डाव्याने जरा घाई केली एवढंच. या बाई नव्या होत्या, हुशार होत्या आणि बोलक्या होत्या. बोलक्या माणसांच्या हातून असे अपघात होतात.

“जुना म्हणजे?” मास्तरांनी विचारलं.

“सात-आठ वर्षं तरी सहज. हा व्रण आहे, सुकलेला. मागच्या पडद्याखाली नको तिथे बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात, आणि वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही की असा व्रण होऊन बसतो. उजव्यात आत्ता तेच चाललंय, पण तो आपण वेळेत धरलाय. तुम्हाला तेव्हा काहीच जाणवलं नाही? काम काय करायचात?”

“रंगाचं. कापडाच्या कारखान्यात डाइंग मास्तर होतो. शेड जुळवायचो.”

“अगं बाई,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि क्षणभर त्यांचं बोलकेपण आटलं. मग सावरून म्हणाल्या, “होतं असं. एक डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो. माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. आसपासच्यांना मात्र लागतो. तो मान तिरकी करून बघायला लागतो ना, समोरचं चुकवून.”

“तेव्हा आलो असतो तर?”

“इंजेक्शनं तेव्हाही होती. सगळा नसता वाचला. पण बराच वाचला असता.”

आता जावई काहीतरी विचारणार, असं मास्तरांना वाटलं. जावई मोठा चौकस. थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची की आत, इथपर्यंत तो डॉक्टरांचं डोकं खायचा. पण तो गप्प होता. मास्तरांना समोरचं धड दिसत नसलं तरी कडेचं स्वच्छ दिसायचं. या दुखण्याने पदरात टाकलेलं तेवढंच एक. यांना आता काय दिसतंय, असं समजून लोक त्यांच्या शेजारी निर्धास्तपणे तोंडं वाकडी करायचे, घड्याळ बघायचे, आणि ते सगळं मास्तरांना कडेने दिसत राहायचं. जावई मांडीवरच्या पिशवीची चेन उघडत होता आणि लावत होता, उघडत होता आणि लावत होता. मान खाली. विचारण्यासारखं इतकं असताना या माणसाला काहीच कसं विचारायचं नाही, असा प्रश्न मास्तरांना पडला, आणि तो पडला तेव्हाच त्याचं उत्तरही त्यांच्या पोटात जाऊन बसलं. विचारायचं नाही, कारण याला ठाऊक आहे.

बाहेरच्या बाकांवर सगळी म्हातारी मंडळी कागदी टोप्या घालून बसली होती. ज्या डोळ्यात सुई जायची त्या बाजूच्या भुवईवर सिस्टर निळ्या पेनाने फुली मारायची, चुकून भलत्याच डोळ्यात जाऊ नये म्हणून. एकमेकांच्या फुल्या बघून लोक हसायचे आणि मग आपल्याही कपाळी आहे हे आठवून गप्प व्हायचे. मास्तरांच्या उजव्या भुवईवर फुली बसली. डाव्या भुवईवर कुणी कधी फुली मारली नव्हती. तिची वेळ येऊन गेली होती, आणि तेव्हा मास्तर कारखान्यात दिव्यांच्या पेटीसमोर उभे राहून ऐटीत निकाल देत होते. सिस्टरने थेंब घातले. बाहुल्या मोठ्या व्हायला लागल्या तसा हॉलमधला उजेड पसरट झाला, भिंती विरघळल्या, समोरच्या बाकावरची माणसं दुधात पडल्यासारखी झाली. जावई शेजारी बसला. मास्तरांना त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि कारखान्यात तो नवा नवा आला तेव्हाही हा असाच नाकाने मोठा श्वास घ्यायचा, हे त्यांना उगाच आठवलं.

टक लावायची नाही, हा त्या कामाचा पहिला धडा. मास्तरांच्या गुरूने तो त्यांना शिकवला होता आणि मास्तरांनी जावयाला, म्हणजे तेव्हाच्या मदतनिसाला. कापडाकडे टक लावून बघितलं की डोळा थकतो आणि थकलेला डोळा मालकाची मर्जी राखायला खोटं बोलतो. तेव्हा झटकन बघायचं आणि नजर काढून घ्यायची. गिऱ्हाइकाचा तुकडा आणि आपला तुकडा शेजारी शेजारी, कडेला कड लावून. एकदा पिवळ्या दिव्याखाली, एकदा पांढऱ्या, मग खिडकीशी जाऊन. बघितलं न बघितलं असं करायचं. पहिल्या झटक्यात जे वाटतं तेच खरं, नंतरचं सगळं मनाचं. मास्तरांची यात स्वतःची एक भर होती. शेवटचा निकाल ते डाव्या डोळ्याने द्यायचे. ऐन उमेदीत एकदा उजव्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी उडालं होतं, तेव्हापासून त्यांची अशी समजूत की उजवा हा संसाराचा डोळा आणि डावा रंगाचा. उजवा मिटायचा, तुकडा हाताच्या अंतरावर धरायचा, डाव्याने एक झटका, की झालं. आणि शेवटच्या वर्षांत त्यात मान आली. मान जरा डावीकडे कलती करून, हनुवटी पुढे काढून, कुणीतरी खिडकीबाहेरून हाक मारली असावी तसे ते बघायचे. कशी आली ती मान? एक दिवस आली. तशी धरली की तुकडा बरा दिसतो एवढं शरीराला कळलं आणि शरीराने मास्तरांना न विचारता ती ठेवून घेतली. पोरं त्यांची नक्कल करायची. मास्तरांना ते आवडायचं. नक्कल होते म्हणजे माणूस काहीतरी आहे.

आता त्या दुधाळ उजेडात बसल्या बसल्या त्यांना कळत होतं की ती ऐट नव्हती, दुखणं होतं. डोळ्याच्या मधोमध भोक पडलं होतं आणि ते भोक चुकवायला मान कलत होती, आणि ज्या माणसाने जन्मात कशावर टक लावली नाही त्याला आपल्या डोळ्याला मध्यच उरला नाही हे कळणार कसं? डाव्यात कधी धुरकट वाटलं की ते म्हणायचे, आज फार बघणं झालं. गार पाण्याचा हबका मारायचे. त्यांच्या विद्येनेच त्यांना आंधळं ठेवलं होतं. बरं, हे झालं त्यांचं. पण जे टक लावून त्यांच्याकडे बघत होते, त्यांचं काय?

आणि मग एकेक गोष्ट हजर व्हायला लागली, बोलावल्याशिवाय. संध्याकाळी सुटायच्या वेळी हा मदतनीस म्हणायचा, “मास्तर, तुम्ही व्हा पुढे, मी बीकर धुवून येतो.” रोज. घरी जेवताना मास्तर कौतुकाने सांगायचे, पोराला भांडी धुवायचं वेड आहे, आपल्या मुलीचं नशीब उघडलं. तेव्हा बायको ताटाकडे बघत “हं” म्हणायची. मुलीचं आणि त्याचं जुळत आलं होतं, म्हणून ती लाजून बोलत नाही असं मास्तरांना वाटायचं. बायको कशाला लाजेल? रंग तोलून देणारा म्हातारा कामगार मास्तरांच्या चिठ्ठीवरून पुड्या बांधायचा आणि बांधता बांधता मदतनिसाकडे एकदा बघायचा. मास्तरांना ते कडेने दिसलं होतं. त्यांना वाटलं होतं, दोघांचं काही खासगी असेल. म्हणजे अख्ख्या डाइंग खात्यात अळीमिळी गुपचिळी होती. पुड्या बांधणाऱ्याला ठाऊक होतं, आणि मास्तर आपले मान तिरकी करून फिरत होते, सगळ्यांच्या मधून, रुबाबात. अंगावरून कुणीतरी चिखलाचा हात फिरवावा तसं त्यांना झालं.

आणि तो करडा. एका खवट गिऱ्हाइकाचा करडा होता तो, वारंवार परत येणारा. करड्यासारखा अवघड रंग नाही; दिव्याखाली एक, उन्हात दुसरा, संध्याकाळी तिसराच. जरा निळं जास्त झालं तर थंड पडतो, जरा लाल गेलं तर मळका दिसतो. मास्तरांनी चंग बांधला आणि पहिल्याच नमुन्याला तो पास करून घेतला. गिऱ्हाईक स्वतः येऊन हात मिळवून गेलं. निरोपाच्या समारंभात मालक म्हणाला, “लोक मला विचारतात, रंग जुळवायचं मशीन का घेत नाही? मी म्हणतो, मास्तरांनी मान तिरकी केली की माझं काम होतं.” टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच करड्याचा तुकडा काचेच्या चौकटीत घालून त्यांना भेट मिळाला. तो घरी बसायच्या खोलीत टांगलेला होता, आणि आलागेला माणूस हे काय म्हणून विचारायचा, आणि मास्तर सांगायचे, आणि बायको तेवढ्यात चहा टाकायला आत जायची. प्रत्येक वेळी.

“तो करडा कुणी केला होता?” मास्तरांनी विचारलं, समोर बघतच.

“कुठला करडा, मास्तर?” लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जावई त्यांना मास्तरच म्हणायचा.

“भिंतीवरचा.”

जावयाने चेन लावली. “तुम्हीच.”

“हे बघ, मला आत्ता तुझं तोंड दिसत नाहीये, तेव्हा तुला खोटं बोलणं सोपं आहे. तरी नको बोलूस. कुणी केला?”

 समोरच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं.

“पाया तुमचाच होता,” जावई म्हणाला. “तुमच्याकडून निळा जास्त जात होता. मी तो मागाहून चिठ्ठीत कमी करायचो. एवढंच करायचो मी, मास्तर. बाकी सगळं तुमचं.”

“एकट्या करड्याला?”

“नाही. सगळ्यालाच. शेवटपर्यंत.”

“आणि मी गेल्यावर बीकर धुवायचास.”

“हो.”

“केसाने गळा कापलास की रे माझा,” मास्तर म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण तो हॉलच तसला होता, सगळे हळू बोलत होते, तेव्हा शिवीसुद्धा चौकशी केल्यासारखी बाहेर पडली. “एकदा सांगायचंस. बाजूला घेऊन. मी काय खाल्लं असतं तुला?”

“सांगायला आलो होतो. घरी. तुम्ही बाजारात गेला होतात. आईंना म्हटलं, मास्तर मान तिरकी करून बघतात, डाव्या डोळ्यासमोरचं त्यांना चुकतंय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या त्यांना.” जावई थांबला. “आई म्हणाल्या, थोडे दिवस राहिलेत, तेवढं निभावून ने. त्यांना कळू देऊ नकोस. मला शपथ घातली त्यांनी. तुमच्या मुलीशी माझं ठरत होतं तेव्हा. मी काय करणार होतो?”

“उजवा डोळा, चला,” सिस्टरने दारातून हाक मारली. इथे माणसांना अशीच हाक मारत. मास्तर उठले. जावयाने धरायला हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही, आणि दाराच्या वाकलेल्या चौकटीला खांदा घासून ते आत गेले.

टेबलावर आडवं केलं की तोंडावर निळं कापड येतं आणि त्याला एकच भोक असतं, त्या भोकात आपला डोळा. तपकिरी औषध ओततात, ते झोंबतं. मग पापण्यांना चिमटा लावतात आणि डोळा उघडाच राहतो. आपली इच्छा असो नसो, मिटता येत नाही. “वर बघा, डावीकडे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हलू नका हं आजोबा, अजिबात हलायचं नाही.” आणि नेमकी तेव्हाच ती गोष्ट मास्तरांवर कोसळली, हलायची सोय नसताना. जावयाचं एक वेळ समजत होतं. परक्याचा पोर, पोटासाठी आलेला, त्याने मूग गिळले. पण ती? रात्रंदिवस उशाशी असलेली बाई? त्यांच्या सदऱ्याचं बटण सैल झालं तर त्यांच्या आधी तिला कळायचं. ती मान तिला दिसत होती. जेवताना, वाचताना, आरशापुढे. तिला सांगायला माणूस घरी चालून आला होता, आणि तिने दार लावून घेतलं होतं. मग त्याच हाताने तिने त्यांना वाढलं, अंथरूण घातलं, समारंभाला जायचा सदरा काढून दिला. डोळ्यात दाब आला, बोथट, अंगठ्याने दाबावं तसा. ओरडावंसं वाटलं, ते इंजेक्शनसाठी नव्हे. मग उजेडात काळे गोल बुडबुडे तरंगायला लागले, एकमेकांना ढकलत, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, “झालं. शहाण्यासारखे पडून राहिलात.” दुसरं करण्यासारखं काय होतं?

उजव्यावर संध्याकाळपर्यंत पट्टी ठेवायची होती.  जावयाने त्यांना दारापर्यंत सोडलं, आत आला नाही, पिशवी उंबऱ्यात ठेवून गेला. तेव्हा मास्तर घरात आले ते फक्त डाव्या डोळ्याने. आजवर पट्टीच्या दिवशी बायको त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवायची आणि ते डोळे मिटून पडून राहायचे. आज ते खोलीच्या मध्यावर उभे राहिले आणि तिच्याकडे बघायला लागले. टक लावून. जन्मात पहिल्यांदाच असेल. तिचे पाय दिसले, हात दिसले, हातातलं फडकं दिसलं, दोन्ही बाजूंचे पांढरे केस दिसले. आणि मधोमध, जिथे तिचं तोंड असायला हवं, तिथे एक धुरकट चट्टा होता, बोटाने पुसल्यासारखा. ते जिकडे नजर नेत तिकडे तो जाई. शेवटी त्यांनी नजर काढून भिंतीवरच्या चौकटीवर ठेवली. तो करडा त्या चट्ट्यात गेला, आणि कडेने बायकोचं तोंड हळूच वर आलं. थकलेलं, घाबरलेलं. तिला सगळं आधीच कळलं होतं. जावयाने फोन केला असणार.

“तुला ठाऊक होतं,” मास्तर भिंतीला म्हणाले.

“बसा आधी.”

“ठाऊक होतं की नाही?”

“होतं,” ती म्हणाली. तिने निदान तेवढं केलं, आढेवेढे घेतले नाहीत. “मान दिसत होती. काय झालंय ते नव्हतं ठाऊक. मला वाटलं, वय झालं, नजर उतरते माणसाची. अशी आतल्या आत सडते हे मला कोण सांगणार होतं?”

“डॉक्टरने सांगितलं असतं. त्याच्याकडे न्यायला सांगायला आला होता ना तो?”

“आणि डॉक्टरने तुम्हाला सांगितलं असतं. आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी मालकापुढे जाऊन उभे राहिला असता, की माझा डोळा गेला, मला काढा. तुम्ही तसलेच. आणि मग? इथे खुर्चीत बसून राहिला असता, तोंड पाडून. मला बघवलं नसतं ते.” फडक्याची तिने घडी केली, मोडली. “मला वाटलं, टाळ्या वाजत घरी या. मग नेऊ डॉक्टरकडे. मग तुम्ही आलात आणि ती चौकट टांगलीत, आणि मग कुठल्या तोंडाने सांगू? रोज वाटायचं, उद्या सांगू.”

“डोळा गेला माझा.”

“मी घालवला म्हणा.”

“तूच घालवलास! तुम्ही सगळ्यांनी मिळून. माझ्या डोळ्यांदेखत.” ते किती खरं आहे हे बोलल्यावरच त्यांना कळलं. त्यांना रडायचं नव्हतं. पट्टीखाली पाणी जायला मनाई होती. “एकाला तरी माझी दया यायला हवी होती.”

“दयाच आली हो,” बायको म्हणाली. मग काय झालं कोण जाणे, तिचाही आवाज धारदार झाला. “आणि मला एक सांगा. इतकी वर्षं मी तुमच्या समोर बसले, जेवले, आजारी पडले. एकदा तरी माझ्याकडे नीट बघितलं असतंत, घटकाभर, तर तुमचं तुम्हालाच नसतं कळलं? तोंडच दिसलं नसतं माझं.”

 ते खोटं नाही, हे मास्तरांना कळलं. पण त्यामुळे तिचं पाप कमी होत नाही, हेही त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि खुर्ची चाचपून ते तिच्यात बसले.

नंतरचे दिवस मुके गेले. मुलगी येऊन रडून गेली. तिला लग्नानंतर कळलं होतं, नवऱ्याकडून, आणि आईने तिलाही गप्प बसवलं होतं. म्हणजे तीही. चौकट मास्तरांनी काढून कपाटामागे सरकवली. भिंतीवर तिचा फिका चौकोन उरला आणि तो चौकटीपेक्षा जास्त दिसायला लागला. बायको वाढायची, ते जेवायचे. थेंब तिलाच घालावे लागायचे, त्यांचा हात कापायचा; तेव्हा मात्र मान मागे टाकून, डोळा उघडा धरून, तिच्या हाताखाली पडून राहणं भाग असायचं. थेंब पडला की दोघेही लगेच बाजूला व्हायचे, रस्त्यात धक्का लागलेल्या अनोळखी माणसांसारखे.

एक बोलणं मात्र चालू होतं. कपाटाच्या दारावर दवाखान्याने दिलेला चौकड्यांचा कागद चिकटवलेला होता, मधोमध काळा ठिपका. रोज सकाळी चष्मा लावून, डावा डोळा हाताने झाकून, उजव्याने त्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा सरळ दिसल्या तर ठीक. वाकल्या किंवा पुसल्या तर आतलं पाझरणं पुन्हा सुरू झालं, त्याच दिवशी फोन करायचा, थांबायचं नाही. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की चार दिवसांची दिरंगाईसुद्धा महागात पडेल. इंजेक्शनांमधलं अंतर आता वाढवलं होतं, तेव्हा या कागदावरच सगळी भिस्त. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायची, “सरळ?” आणि मास्तर म्हणायचे, “सरळ.” घरात दिवसभरात तेवढे दोन शब्द.

अशाच एका सकाळी रेघा वाकल्या. मास्तर ठिपक्याकडे बघत होते आणि ठिपक्याच्या उजव्या अंगाला चौकडी हळूच आत ओढली गेली, न्हाणीघराच्या जाळीपाशी पाणी खेचलं जातं तशी. त्यांनी डोळा मिटला, उघडला. तशीच. त्यांच्या तळपायाला घाम फुटला. हाच डोळा आता होता; याने त्यांना रस्ता दिसायचा, वर्तमानपत्राचे मथळे दिसायचे, नातवाचे दात दिसायचे. आणि त्या घामातच, कुठून कोण जाणे, एक थंडगार विचार वर आला. हे कुणालाच ठाऊक नाही. जगात एवढी एक गोष्ट आहे जी फक्त त्यांना ठाऊक आहे आणि घरच्यांना नाही. इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक आणि त्यांनाच नाही, असं चाललं होतं. आज पारडं फिरलं होतं. डावा तिने घालवला होता, त्यांना न विचारता. उजवा ते घालवतील, तिला न सांगता. मग बसू दे तिला समोर, आणि दिसू दे तिला, की तिच्याकडे बघणारा डोळा आता घरात उरला नाही. हा वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं. पण त्यात इतकं समाधान होतं, की ते सोडवेना.

“सरळ?” बायकोने दारातून विचारलं.

“सरळ,” मास्तर म्हणाले.

ती लगेच गेली नाही. कडेने त्यांना तिचा आकार दिसत होता, दाराला टेकलेला. मग ती आत गेली. भांड्याचा आवाज झाला नाही, नळाचा झाला नाही. तिने फोन उचलला होता.

“हो, मास्तरांच्या घरून बोलतेय. उजवा डोळा,” ती म्हणाली. दवाखान्यात काय सांगितलं की लगेच ओळखतात हे तिला ठाऊक होतं. “रेघा वाकल्यात. नाही, मी नाही बघितल्या, मला कशा दिसणार? त्यांना दिसल्या. ते म्हणाले. वाकल्यात म्हणाले, आत्ताच. हो, आजच येतो.”

मास्तर भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पुन्हा तेच. त्यांनी निकाल दिला होता आणि त्यांच्या पाठीमागे तो बदलून पुढे पाठवला गेला होता, त्यांच्याच नावावर, अगदी बिनचूक.

“मी सरळ म्हणालो होतो,” ते म्हणाले.

बायकोने फोनवर हात ठेवला. “ऐकलं मी.”

“मग खोटं का सांगितलंस?”

“मान तिरकी केलीत तुम्ही,” ती म्हणाली.  “मागच्या वेळी बघून गप्प बसले. आता नाही बसायची. काय म्हणायचं ते म्हणा मला.”

त्यांना पुष्कळ म्हणायचं होतं. माफ वगैरे त्यांनी काही केलं नव्हतं, आणि करतील असं त्यांना वाटतही नव्हतं. त्यांना कळलं की मान अजून तशीच आहे, खांद्याकडे कललेली; ती सरळ करायला गेले तर बायकोचं तोंड त्या चौकडीसारखं आत ओढलं जाऊन नाहीसं व्हायला लागलं, म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

“माझे बूट कुठायत?” मास्तरांनी विचारलं.

“दाराशीच आहेत,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे थेट बघू नका, म्हणजे दिसतील.”